नीमाचे दोनशे चाळीस तास

पिंपळगाव बसवंत
दि. ९ जानेवारी २०२५

ती. लताआत्यास,
संजनाचा सविनय जयभीम. वि. वि. आम्ही दोघं मजेत. तू कशी आहेस ते विचारत नाही, ठणठणीतच असणार.

पत्रास कारण की माझी पाहुणी आली. फोनवर सांगितलं असतं, पण तुझं ते कानातलं यंत्र कपाटात आणि तू सगळ्या जगाला मोठ्याने बोला म्हणून दटावणार, त्यापेक्षा पत्र बरं. मुलीचं नाव नीमा. तेवीस वर्षांची, टांझानियातल्या डोडोमा भागातली. तिकडेही द्राक्षं पिकतात हे मला तिच्यामुळेच कळलं. शेती कॉलेजात शिकते आणि तीन महिने माझ्या पॅकहाउसवर शिकाऊ म्हणून राहणार आहे. पुण्याची एक संस्था अशी परदेशी मुलं कामाच्या ठिकाणी पाठवते. आजवर ती मोठमोठ्या कारखान्यांत जायची. भाड्याच्या शेडमध्ये छत्तीस बायका घेऊन द्राक्षं भरणाऱ्या माझ्यासारखीकडे पहिल्यांदाच.

फॉर्म काय विचारावा. मनुष्यबळ विभागाचा प्रमुख कोण, सुरक्षा अधिकारी कोण, तक्रार कोणाकडे करायची. सगळ्या रकान्यांत मी माझंच नाव लिहिलं. महेश म्हणाला की निदान एका ठिकाणी तरी नवऱ्याचं घाल. मग शीतगृहाचा तज्ज्ञ म्हणून त्याला घेतला. संस्थेचा माणूस शेड बघायला आला, आमच्या कामावरच्या सखुबाईच्या हातचा चहा प्यायला आणि होकार देऊन गेला. परदेशी पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे चोवीस तासांत करावी लागते, तीही केली.

इथले बाकीचे पॅकहाउसवाले वर्षभर हसत होते. एकाने तर टपरीवर महेशला विचारलं की तुमच्याकडे परदेशी पाहुणे यायला तुम्ही कोण लागून गेलात. 'तुमच्याकडे' हा शब्द त्याने कसा म्हटला असेल ते तुला सांगायला नको. आता रोज कोणीतरी निमित्त काढून डोकावून जातो. बघू देत.

बडदास्तीत मी काही कमी ठेवलेली नाही. राहायला आमच्याच घरी वरची खोली. शेडवर तिला माझ्या केबिनमध्ये बसवते, एसी लावून, काचेतून पॅकिंगची सगळी लाइन दिसते तिथे. खास तिच्यासाठी चिनीमातीचा कप आणला, ताट-वाटी-चमचा सगळं नवं. ते केबिनच्या कपाटात वेगळं ठेवलं आहे. सखुबाईला ताकीद दिली आहे की त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. काडी उचलू देत नाही मी तिला.

तुझा लोभ आहेच, तो थोडा कौतुकाच्या रूपाने दाखवलास तर चालेल.

तुझी भाची
संजना


नाशिक रोड
दि. १६ जानेवारी २०२५

चि. सौ. संजनास,
आत्याचा जयभीम व आशीर्वाद. पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच, पाय मोडलेलं.

कौतुक मागून मिळत नाही, पण इथे देते. टपरीवरच्या त्या माणसाचं तोंड बंद केलंस ते बरं झालं. कॉलनीत मी चार घरी सांगितलं की माझ्या भाचीकडे आफ्रिकेतून मुलगी शिकायला आली आहे. खालच्या मजल्यावरच्या तेजलने लगेच नकाशा काढून डोडोमा कुठे ते दाखवलं.

आता दुसरं. मी तीस वर्षं प्रेसमध्ये छापील कागदांतली खोट शोधली. तुझ्या पत्रातली मला दुसऱ्याच वाचनात दिसली. तो कप. तू लिहितेस, वेगळ्या कपाटात, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. तो कप विसळतं कोण आणि कुठे? बाकीच्या कपांबरोबर का वेगळा? आणि ती जेवते कोणाबरोबर?

प्रेसमध्ये लागण्याआधी मी लासलगावात एका कांदा व्यापाऱ्याच्या गाळ्यावर लिहायचं काम करत होते, हे तुला ठाऊक आहे. पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नाही, तुझ्या बापालाही नाही. पहिल्याच दिवशी मालकाने मला नवा कप आणून दिला. निळ्या फुलांचा. म्हणाला की हा खास लताबाईंचा, ह्यातून दुसरं कोणी पिणार नाही. माणूस फार गोड बोलायचा. मी वीस वर्षांची, मला वाटलं मान आहे. आठवड्याने पाहिलं की तो कप खिडकीबाहेरच्या कोनाड्यात असतो आणि मीच तो विसळायचा असतो. त्या कपातून मी अकरा महिने चहा प्यायले.

तुझ्या मनात तसं काही नाही हे मला माहीत आहे. त्या मुलीला कसं माहीत असणार? ती कपाट बघते आणि काच बघते. मनात काय आहे ते काचेतून दिसत नाही.

राग आला तर लिहून काढ. लोभ तुटत नाही.

तुझी
आत्या


पिंपळगाव बसवंत
दि. २१ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
जयभीम.

राग आला आहे, म्हणून लिहिते. तू मला त्या व्यापाऱ्याच्या रांगेत बसवलंस. मला. ज्या मुलीने सातवीत असताना पाण्याच्या वेगळ्या माठावरून मुख्याध्यापकांच्या टेबलावर हात आपटला होता, तिला. मी दुकानात अर्धा तास उभी राहून कप निवडला, आत्या. माझ्या घरी पाहुणा आला तर त्याने सगळ्यांच्या टवके उडालेल्या कपातून प्यावं का? आदर दाखवणंही आता गुन्हा झाला असेल तर सांग, मी यादीच करून ठेवते.

दोन दिवस मी तुझं पत्र उशीखाली ठेवून तुझ्याशी भांडले. महेश दोन्ही दिवस गपगुमान जेवून झोपला.

आणि मग आज संस्थेकडून कागद आला. शिकाऊ मुलांनी दर पंधरवड्याला अहवाल लिहायचा असतो, मालकाने वाचून सही करायची. नीमाने लिहिलंय की इथे सगळे खूप प्रेमळ आहेत. तिला वेगळी खोली आहे, वेगळं ताट आहे, स्वतःचा कप आहे. ती केबिनमध्ये एकटी जेवते. बारा दिवसांत तिने एकाही द्राक्षाला हात लावलेला नाही. आपल्या हातून काय चुकलं हे तिला समजलेलं नाही, पण ती विचारणार आहे. एवढंच.

त्या प्रमाणपत्रासाठी टेबलापाशी उभं राहून हाताने केलेलं काम दोनशे चाळीस तास भरावं लागतं. ते नाही भरलं तर तिची कॉलेजची शिष्यवृत्ती जाते आणि पुढचं वर्षही. हे मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मी मान डोलावली होती. तिचे आजवर भरलेले तास शून्य.

मी अजून सही केलेली नाही. तुझ्यावर राग आहेच. पण रडायला येतंय ते दुसऱ्याच कशाने.

भाची
संजना


नाशिक रोड
दि. २४ जानेवारी २०२५

चि. संजनास,
आशीर्वाद. रडून झालं असेल तर उठ.

अहवालावर सही कर. तिने खरं लिहिलंय, आणि तू वाचलंस हे तिला दिसू दे. माफी मागायची तर एकदाच, सरळ, आणि पेढे-बिढे देऊ नकोस. तिच्या हातात कात्री दे आणि सखुबाईच्या शेजारी उभी कर. चुकली तर सखुबाईला तिच्यावर ओरडू दे. आपल्या माणसावरच आपण ओरडतो.

आणि माठाचा किस्सा मला सांगू नकोस. मुख्याध्यापकांची समजूत काढायला तेव्हा मीच गेले होते.

आत्या


पिंपळगाव बसवंत
दि. १० फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि. उशीर झाला, सीझन जोरात आहे.

तू म्हणालीस तसंच केलं. २८ जानेवारीला सकाळी नीमाला घेऊन लाइनवर गेले आणि सगळ्या बायकांसमोर सांगितलं की ह्या मुलीला मी पाहुणी करून ठेवली ती माझी चूक, आजपासून ती तुमच्यातली. कप मी मोरीशेजारच्या फळीवर बाकीच्या कपांत ठेवला, ज्याच्या हाताला येईल त्याचा. नीमाने बाह्या वर केल्या.

पहिल्या दिवशी तिने आठ क्रेटची वाट लावली. घड देठालाच धरायचा, मण्यावरची पांढरी पावडर पुसली गेली तर तो माल परदेशात घेत नाहीत, हे सांगून सांगून सखुबाईचा घसा बसला. शेवटी तिने नीमाच्या मनगटावर चापट मारली. आणि नीमा खळखळून हसली. आल्यापासून पहिल्यांदा. म्हणाली की तिची आई घरी अशीच चापट मारते. तिच्या आईची अर्ध्या एकराची बाग आहे, गावातल्या बायका मिळून असंच एक शेड काढायचं तिच्या मनात आहे, म्हणून तर ती इतक्या लांब आली. तीन आठवडे एका घरात राहून हे मला माहीत नव्हतं.

जेवायला आता ती बायकांच्या गोलात बसते. एकटी रंगूबाई पहिल्याच दिवशी डबा उचलून क्रेटच्या थप्पीपाशी जाऊन बसली, काय खाते काय नाय म्हणत. मी पेटले होते. सखुबाई म्हणाली की बाई, तिला बसू द्या तिकडं, भूक लागली की येईल. अजून आलेली नाही. काम मात्र नीमाच्या शेजारीच उभी राहून करते.

आता मुद्दा. आम्ही ज्या कंपनीचा माल भरतो तिचा मॅनेजर शौनक म्हणून आहे, तिशीतला, इस्त्रीचा शर्ट. ४ मार्चला युरोपातले खरेदीदार शेड बघायला येणार आहेत, फोटो काढणार आहेत. काल तो मला म्हणाला की ती आफ्रिकन मुलगी लाइनवर नको. आजपासूनच नको, कारण अधूनमधून त्यांची माणसं येत राहतील, आणि नंतरचं सीझन संपल्यावर बघू. परदेशी कामगार ठेवलाय म्हणून प्रश्न येतील म्हणे. मी तिच्या कागदांची फाइल त्याच्यापुढे ठेवली. त्याने उघडली नाही. हसून म्हणाला की तिला केबिनमध्ये बसवा, एसी लावा, चांगलं जेवण द्या, पाहुणीच आहे ना ती.

आत्या, माझेच शब्द. मला कुणीतरी भर चौकात आरसा दाखवावा तसं झालं.

बाहेर जाताना सखुबाईला त्याने खरं कारण सांगितलं. फोटोत आपल्याकडच्या बायका दिसायला हव्यात, ही मध्येच काळी दिसेल. सखुबाई म्हणाली की साहेब, मी तरी कुठं गोरी हाय.

नीमा लाइनवरून उतरली तर तिचे तास भरत नाहीत. नाही उतरली तर पुढचा माल दुसऱ्या शेडला जाईल, हे त्याने तोंडाने म्हटलं नाही पण कळवलं. मी त्याला नाहीच म्हणणार आहे. मला फक्त तुझा होकार हवा.

तुझी
संजना


नाशिक रोड
दि. १४ फेब्रुवारी २०२५

चि. संजनास,
आशीर्वाद.

होकार देत नाही.

दचकलीस ना. नीट वाच. तू नाही म्हणशील आणि ताठ मानेने घरी जाशील. महेशच्या दोन शेतांचा आधार आहे तुला. माल गेला तर सखुबाईच्या घरी काय शिजेल? आणि त्या क्रेटपाशी बसणाऱ्या रंगूबाईच्या? तुझा बाणा, पण चुली छत्तीस. तू त्यांना विचारलंस का? पत्रात तरी दिसलं नाही. आधी एकीला न विचारता तू पाहुणी केलीस. आता छत्तीस जणींना न विचारता शूर करायला निघालीस.

मी अकरा महिने त्या कपातून का प्यायले हे तू विचारलं नाहीस, ते बरं केलंस, पण सांगते. घरी तुझा बाप आणि दोन बहिणी शिकत होत्या. मला कोणी येऊन म्हटलं असतं की लता, तुझ्यासाठी मी मालकाशी भांडतो, तर मी त्याच्या पाया पडून गप्प बस म्हटलं असतं. आणि मला कोणी विचारलं असतं की लता, आपण भांडायचं का, तर कदाचित मी हो म्हटलं असतं. मला कोणी विचारलंच नाही.

जा, विचार. त्या नको म्हणाल्या तर ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच विचार. नीमालाही विचार.

ह्या म्हाताऱ्या खोटकाढीवर लोभ आटू देऊ नकोस.

आत्या


पिंपळगाव बसवंत
दि. १९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
जयभीम. तू भयंकर बाई आहेस.

विचारलं. परवा जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बसवून जसंच्या तसं सांगितलं. माल जाऊ शकतो, रोजंदारी जाऊ शकते, दुसऱ्या शेडवर काम मिळेलच असं नाही. मी काय करणार ते मुद्दाम सांगितलं नाही. जीभ दातांत धरून बसले, खरंच.

सगळ्यांत आधी नीमा उठली. म्हणाली की तिच्या तासांसाठी कुणाची चूल विझायला नको, ती केबिनमध्ये बसेल, प्रमाणपत्राचं पुढच्या वर्षी बघेल. तोडक्या हिंदीत, पण कळायचं ते सगळ्यांना कळलं. सगळ्या जणी आपापल्या डब्यात बघत होत्या. तीन-चार जणींनी, ज्यांचे हप्ते चालू आहेत त्यांनी, एवढंच म्हटलं की भीती वाटते. मला त्यांचा राग आला नाही. महिन्यापूर्वी आला असता.

बोलली कोण असेल? रंगूबाई. क्रेटपाशी बसल्या बसल्याच. म्हणाली की मी तिच्या डब्यातलं खायची नाय ते नायच. पण पोरगी तीन आठवडे माझ्या बाजूला उभी हाय, तिचा हात आता बसलाय, माझ्यापेक्षा चार घड जास्त उतरवती. तिला उठवायचं तर कामातली खोट दाखवा. तोंडावरची नाय चालायची. आज तिला रंगावरून उठवलं तर उद्या मला वयावरून उठवतील, आन् सखुला दातांवरून.

सखुबाईचे पुढचे दोन दात नाहीत. बायका इतक्या हसल्या की महेश शीतगृहातून धावत आला. मग हात वर करायला सांगितले. एकतीस हात वर आले. राहिलेल्या पाच जणींनी सांगितलं की आम्ही हात वर करणार नाही, पण त्या दिवशी घरीही राहणार नाही. मला ते पुरलं.

नीमा उठून रंगूबाईपाशी जाऊन बसली. स्वतःचा डबा तिने मध्ये ठेवला नाही, मांडीवर ठेवला. दोघी शेजारी शेजारी आपापलं जेवल्या.

शौनकला मी कळवून टाकलंय. तुझ्याकडून होकार नकोय आता.

तुझी
संजना


पिंपळगाव बसवंत
दि. ७ मार्च २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

माझ्या निरोपानंतरही माल येत राहिला, पण ४ तारखेला शौनक पाहुण्यांच्या दहा मिनिटं आधी आला. नीमा पहिल्या टेबलावर, सखुबाई आणि रंगूबाईच्या मध्ये. मी तिला तिथे ठेवली नव्हती, त्या दोघींनी ठेवली होती. त्याने मला बाजूला घेतलं. मी म्हटलं की जे असेल ते इथेच बोला. मग त्याने टेबलापाशी जाऊन नीमाला हाताने खूण केली की बाहेर ये.

सखुबाईने कात्री खाली ठेवली. मग रंगूबाईने. मग सगळ्या टेबलांवरून टक टक आवाज येत गेला आणि थांबला. त्या पाच जणींच्यासुद्धा. कोणी घोषणा दिली नाही. छत्तीस बायका पाठीमागे हात बांधून उभ्या, शाळेत बाई आल्यावर मुली उभ्या राहतात तशा. मला सांगितलेलं नव्हतं, आत्या. हे त्यांनी माझ्यामागे ठरवलं होतं.

गेटवर पाहुण्यांच्या गाड्या आल्या होत्या. शौनकचा शर्ट पाठीला चिकटला होता. तो म्हणाला की ठीक आहे, सुरू करा. सखुबाईने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तिने नीमाकडे पाहिलं. नीमाने कात्री उचलली, मग बाकीच्यांनी.

पाहुण्यांचं सांगण्यासारखं काही नाही. त्यांनी डोक्याला टोप्या घातल्या, घड बघितले, फोटो काढले. एक उंच बाई नीमापाशी थांबली आणि घड कापताना मणी कसा फुटत नाही ते तिने दोनदा करून दाखवायला लावलं. अर्ध्या तासात गेले.

काल कंपनीचा फोन आला. ह्या आठवड्यापासून माल दुसऱ्या शेडला. शिस्तीचा प्रश्न आहे म्हणे. शीतगृह रिकामं आहे आणि त्याची घरघर मला घरापर्यंत ऐकू येते असं वाटतं. अकरा जणी दुसरीकडे कामाला गेल्या. मीच जा म्हटलं. एकीनेही मला बोल लावला नाही, त्याचाच त्रास जास्त होतो.

नीमाचे एकशे अठ्ठ्याहत्तर तास झालेत. बासष्ट बाकी, आणि ६ एप्रिलला तिचं विमान. महेश म्हणतो की टाक सही करून दोनशे चाळिसांवर, तिचा हात बसलाय हे आपल्याला माहीत आहे, कोण मोजायला येणार आहे. खरं सांगू, मी पेन उघडलं होतं.

तुझी
संजना


नाशिक रोड
दि. ११ मार्च २०२५

चि. संजनास,
पेन बंद कर.

एवढं सगळं ती कामावरून उठू नये म्हणून केलंत. आता न केलेल्या कामाचे तास तिला भीक म्हणून घालायचे? मग ती केबिनच काय वाईट होती. महेशला माझे आशीर्वाद आणि हे वाचून दाखव.

माल नाही म्हणजे काय? पिंपळगावात द्राक्षं संपली का? परदेशी जात नाहीत ती द्राक्षं माणसं खात नाहीत? शोध.

तुला पहिल्यांदाच सांगते, आणि पुन्हा सांगणार नाही. तुझं पत्र वाचून मी दाराला कडी लावली आणि खूप वेळ रडले. ती चौऱ्याहत्तर वर्षांची म्हातारी रडत नव्हती, ती लासलगावची वीस वर्षांची लता रडत होती. छत्तीस बायका, संजना. मला तेव्हा एक पुरली असती.

आत्या


पिंपळगाव बसवंत
दि. ३ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

तुझं पत्र महेशला वाचून दाखवलं. शेवटचा भाग मला वाचता आला नाही, तो त्यानेच वाचला.

माल मिळाला. रंगूबाईच्या भावाची बाग आहे, छोटी, निर्यातीच्या कागदपत्रांत न बसणारी. तो माल दरवर्षी बागेतच व्यापाऱ्याला जायचा. रंगूबाई त्याला दरडावून घेऊन आली. त्याची द्राक्षं आम्ही परदेशी मालासारखीच छाटून डब्यांत भरली आणि मुंबईला पाठवली. मग त्याच्या शेजाऱ्याची, मग सखुबाईच्या जावयाच्या गावातली. अर्धा दिवसच काम असतं, अर्धाच रोज पडतो, आणि कंपनीच्या कामाची भरपाई ह्यातून होत नाही. ते मी लपवत नाही. पण शीतगृह चालू आहे. पुढच्या सीझनला ह्या लहान बागायतदारांचाच माल भरायचा असं ठरतंय. कंपनीने परवा विचारपूस करायला माणूस पाठवला होता. मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

२९ मार्चला दुपारी नीमाचे दोनशे चाळीस तास भरले. शेवटचा घड तिने नव्हे, रंगूबाईने मोजून घेतला.

काल संस्थेचं प्रमाणपत्र आलं. जाड कागद, सोनेरी शिक्का. खाली प्रशिक्षकाच्या रकान्यात मराठीत छापलंय, सखुबाई व इतर. मी फॉर्ममध्ये छत्तीस नावं लिहून पाठवली होती, त्यांना जागा पुरली नसणार. त्याखाली मालकाच्या सहीसाठी स्वतंत्र ओळ, माझ्या नावाची.

नीमाने त्या मराठी ओळीवर बोट ठेवलं आणि मला विचारलं की सखुबाईच्या नावापुढे हे काय लिहिलंय. मी अर्थ सांगितला. तिने पेन घेतलं आणि ते दोन शब्द खोडले. आत्या, मी ओरडलेच की कागद खराब केलास, कॉलेज घेणार नाही हा. ती म्हणाली की कागद माझा आहे, कॉलेजला मी सांगेन, ज्यांनी शिकवलं त्यांची सही नसेल तर मला तो नकोच. आणि कागद टेबलावर ठेवून ती बाजूला झाली.

बायका साडीला हात पुसून पुसून येत होत्या. सखुबाईने आपलं छापील नाव बोटाने चाचपून बघितलं आणि खाली पुन्हा स्वतः लिहिलं. रंगूबाईला लिहिता येत नाही. तिने अंगठा थेट सोनेरी शिक्क्यावर उमटवला आणि म्हणाली की आता पुसून दाखवा. दुसऱ्या शेडला गेलेल्या अकरा जणीही काम सुटल्यावर आल्या. समोरची बाजू भरली तेव्हा कागद उलटा केला.

मग नीमाने पेन माझ्यापुढे धरलं. मालकाची ती स्वतंत्र ओळ मी मोकळी सोडली. कागदाच्या मागे, छत्तीस जणींच्या खाली, सदतिसावी सही माझी आहे.

तू नेहमी माझ्यात खोट काढलीस, तशीच काढत राहा, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
संजना